सायकल निवडा, गुडघे सांभाळा

सुटीच्या सकाळी डोंगरवाटांवर हिंडायला आणि कधी सामान बांधून दोन-तीन दिवसांच्या भटकंतीला, अशी एकच सायकल हवी असेल तर ‘हार्डटेल’ सोयीची. हिला सस्पेन्शन फक्त पुढे असते. त्यामुळे वजन, किंमत आणि देखभाल कमी. शिवाय फ्रेमच्या त्रिकोणात बॅग बसवायला जागा मिळते.

दुकानात मात्र आपण रंग आणि सस्पेन्शन पाहतो, शरीराचे माप विसरतो. फ्रेम लांब पडली तर भार हातांवर येतो, मनगटाजवळची अल्नर नस दबते आणि करंगळी, अनामिका बधिर होतात. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा.

गिअरही तितकाच महत्त्वाचा. पुढच्या चक्राला ३२ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५१ दाते असतील, तर ओझ्यासह घाट चढताना पाय हलके फिरतात. उतरताना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत. पुढे १२० मिलिमीटर सस्पेन्शन आणि सुमारे २.४ इंच रुंद टायर बहुतेक वाटांना पुरतात.

विकत घेण्यापूर्वी अर्धा तास चालवून पाहा. सीट नीट लावूनही बोटांना मुंग्या आल्या किंवा गुडघा कुरकुरला, तर सवलत कितीही मोठी असो, ती सायकल तुमची नव्हे.