कागलचे कारखाने आणि कामकऱ्यांचीं मुलें

कारखान्यांत मूल कामाला ठेविलें नाहीं, म्हणजे मालकाचें मुलांविषयींचें कर्तव्य संपलें, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते. ती होण्यास कारणही आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामाची बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून मात्र रोज नऊ तास काम घेण्याची मोकळीक ठेविली! त्या मानानें आपण पुष्कळच पुढें आलों आहों.

परंतु धंद्याची सावली मुलांवर पडते ती बहुधा आईबापांच्या द्वारें. युनिसेफ आदि संस्थांनीं २०१२ सालीं धंदेवाल्यांसाठीं मुलांच्या हक्कांचीं दहा तत्त्वें मांडलीं. त्यांत बालमजुरीच्या निषेधाबरोबरच, मुलांचा सांभाळ करणाऱ्या आईबापांस माणुसकीचें काम मिळावें, हेंही एक तत्त्व आहे.

कागल-हातकणंगले येथील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचा (नांव उपाहारगृहास शोभेल, पण सरकारी दप्तरीं तेंच आहे) विचार करतां याचा अर्थ ध्यानांत येतो. कापडाचे व ओतकामाचे कारखाने, पाळीचें काम, आणि परगांवाहून, परप्रांतांतून आलेलीं बिऱ्हाडें. आपल्या एकत्र कुटुंबांत सून नोकरीस गेली तरी मूल आजीच्या मांडीवर असतें. त्या बिऱ्हाडाची आजी दूर गांवीं राहिलेली! मग तान्ह्याला सांभाळावयाचें कोणीं? अशा वेळीं आठ-नऊ वर्षांची बहीण घरीं बसते आणि तिची शाळा बुडते. कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर तिचें नांव नसतें. म्हणून कोणताही निरीक्षक तिला पाहत नाहीं. याच कागलच्या घाटगे घराण्यांतून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें होतें.

उपाय अवघड नाहीं. १९४८ च्या कायद्यानें तीसहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथें पाळणाघर सांगितलें. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनें पन्नास नोकरांची अट घालून आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाण्याची सवलत दिली. लहान कारखाने या आंकड्यांच्या खालीं राहतात. पण २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें अनेक कारखान्यांस मिळून एकच पाळणाघर चालविण्याची मुभा दिली आहे. आणि भिंतीस भिंत लागून कारखाने असलेल्या वसाहतीइतकी सोयीची जागा त्यास दुसरी कोणती? मात्र तें कारखान्यांच्या जवळच हवें. दोन मैलांवर असेल तर त्या चार खेपा कागदावरच राहावयाच्या. आमच्या ज्या वाचक भगिनींच्या घरची मंडळी तेथें कारखानदार वा अधिकारी असतील, त्यांनीं रात्रीं पानें वाढतांना सहज विचारावें, ‘तुमच्याकडे पाळणाघर कुठें आहे हो?’