कॉलेजचा रँक बघताय? मग हेही बघा

बारावी आणि सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय असतो, कॉलेज कोणतं घ्यायचं? मोबाइलवर 'टॉप कॉलेज'च्या याद्या फिरू लागतात. एखादा पाहुणा पुण्यातलं नाव सुचवतो, दुसरा नागपूरचं. मग यादीतलं वरचं नाव ऑप्शन फॉर्मवर पहिलं पडतं. पण तो रँक नेमका कशाचा आहे, हे फारसं कुणी विचारत नाही.

रँक कशावर ठरतो?

केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. इंजिनिअरिंगसाठी १०० पैकी ३० गुण शिकवणं, शिक्षक आणि साधनांना, ३० संशोधनाला, २० विद्यार्थ्यांच्या निकालाला, १० सर्व घटकांतल्या मुलामुलींना मिळणाऱ्या संधीला आणि १० नावलौकिकाला असतात. म्हणजे ४० गुण संशोधन आणि नावाचे झाले. पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलाला त्याचा थेट उपयोग कमीच. शिवाय यात भाग घेणं कॉलेजच्या मर्जीवर असतं. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे कॉलेज वाईट, असं नसतं.

नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजला मिळते, तर एनबीएची मान्यता एकेका शाखेला. कॉम्प्युटरला ती आहे म्हणून मेकॅनिकलला असेलच, असं नाही. आपल्या शाखेचं विचारून घ्या.

खरे आकडे कुठे मिळतात?

एनआयआरएफमध्ये भाग घेणारं कॉलेज आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये ठेवतं. त्यात तीन गोष्टी बघा: ठरलेल्या वर्षांत किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती. जाहिरातीतलं 'सर्वाधिक पॅकेज' एकाच मुलाचं असू शकतं. मध्यक पगार म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. हे आकडे सगळ्या शाखांचे मिळून असतात, म्हणून आपल्या शाखेचे वेगळे मागा.

खर्चाचा हिशेब चार वर्षांचा

नुसती फी बघून चालत नाही. वसतिगृह, मेस, गाडीभाडं आणि पुस्तकं धरून चार वर्षांची बेरीज कागदावर मांडा. राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. मात्र त्यासाठी प्रवेश कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. रँक वरचा बघून तिथे प्रवेश घेतला, तर पूर्ण फी घरावर पडते. त्यासाठी कर्ज काढावं लागणार असेल, तर आधी दहादा विचार करा.

मुलाला काय जमतं?

समजा, एका मुलीला इलेक्ट्रिकल आवडतं. रँकवाल्या कॉलेजात तिला दुसरीच शाखा मिळतेय आणि जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळतंय. चार वर्षं शाखा शिकायची असते, पाटी नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी इंग्रजी जड जातं. तिथले शिक्षक समजून सांगतात का, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कामाच्या दिवशी एकदा कॉलेजात चक्कर मारा. लॅब चालू आहे का, वसतिगृहात खरंच जागा आहे का, आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे स्वतः बघा.

ऑप्शन फॉर्म भरताना घाई नको. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर तो कायम होतो आणि पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाका, जे मिळालं तर घरात सगळे खूश होतील आणि मुलगा किंवा मुलगी तिथे चार वर्षं टिकेल. आणि फॉर्म कॅफेवाल्यावर सोडू नका, मुलाला शेजारी बसवून भरा.