चौथ्या पंचाच्या नावानं शिमगा

डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात बातमी आली की सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटी क्लबातून अंग काढून घेतोय. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर जाणाऱ्या आम्हा जुन्या मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर दिवाळीचे दिवे आणि कुणाच्या तरी मुलाचे दहावीचे मार्क सोडून काही येत नाही. त्या रात्री तो जागा झाला. खरं तर मुंबईकरांची खेचायची ही आयती संधी होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या ह्याच मालकांनी मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा मुंबईकरांनी आमच्या जखमेवर मीठ चोळायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आमचा पुणे सिटी त्याच वर्षी गुंडाळला गेला होता आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला होता. पण ह्या वेळी कुणीच कुणाची खेचली नाही. एकानं तेवढं लिहिलं, "आता रेफ्रीला शिव्या घालायलाबी जागा ऱ्हायली न्हाई." लिहिणारा माझ्यासारखाच कोल्हापूरचा.

शिव्या मी शाहू स्टेडियमवर शिकलो. तिथं फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. मामा मला खांद्यावरून न्यायचा तेव्हापासून माझी समजूत हीच की मैदानावर तेवीस माणसं खेळतात आणि त्यातला तेविसावा नेहमी समोरच्या तालमीचा असतो. "अरं ए लाईनमन, झेंडा वाळत घातलायस व्हय?" ही त्यातली छापण्याजोगी एक. बाकीच्या छापण्याजोग्या नाहीत. पण रेफरी दोन गल्ल्या पलीकडचा असायचा. मॅच संपली की रात्री गंगावेशीत दूध प्यायला तोच शेजारी उभा, आणि ज्या मामानं दुपारी त्याचं कूळ काढलं होतं तोच त्याच्या ग्लासाचे पैसे द्यायचा. राडे व्हायचे, मॅच बंद पडायच्या, दगडसुद्धा यायचे. हे सगळं लाजिरवाणंच. पण तालमीचा कोच खांद्यावर टॉवेल टाकून खाली मांडी घालून बसायचा, आणि त्याच्या शिव्या मात्र कायम आपल्याच पोरांना. रेफरीला शिव्या देणं हे आमचं, म्हणजे गॅलरीचं खातं. कोचनं त्यात हात घातलेला मला आठवत नाही.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आय-लीग आली. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पिरामलांचा पुणे एफसी २०१२-१३ ला दुसरा आला, आणि तेव्हा टाळ्या वाजवायला मैदानात किती माणसं होती ते न विचारलेलं बरं. ९ डिसेंबर २०१२ ला कोलकात्याच्या डर्बीत मोहन बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं, गॅलरीतून आलेला दगड त्यांच्याच नबीला लागला आणि मोहन बागान हाफ टाइमनंतर मैदानात उतरलाच नाही. आधी दोन मोसमांची बंदी, मग ती जाऊन दोन कोटींचा दंड. आम्ही ते पेपरात वाचलं आणि पान उलटलं.

मग १२ ऑक्टोबर २०१४ ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झालं. पुण्याच्या जर्सीत त्रेझेगे! ज्यांची पोस्टरं हॉस्टेलच्या भिंतीवर होती ती माणसं बालेवाडीत घाम पुसताना दिसायला लागली. आणि त्यांच्याबरोबर आले सुटाबुटातले कोच. बाजूरेषेजवळ तुटक रेघांनी आखलेला जो चौकोन असतो, त्याचं त्यांनी अक्षरशः नाटकाचं स्टेज करून टाकलं. हात पसरणं, गुडघ्यावर बसणं, आकाशाकडे बघणं, कोट काढून फेकणं. लीग सुरू होऊन पंधरा दिवस झाले नव्हते तोवर फातोर्ड्यात गोवा-कोलकाता सामन्यात कोलकात्याचा कोच हाबास आणि गोव्याचा रोबेर पिरेस यांच्यात जुंपली. दोघांवरही बंदी आणि दंड. आम्हाला काय वाटावं? मजा वाटली. वर्ल्ड कप जिंकलेला पिरेस मडगावात भांडतोय, ह्याचंच अप्रूप.

पुढच्या वर्षी, २० डिसेंबर २०१५ ला, त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. गोवा ८७ व्या मिनिटाला २-१ नं पुढे. मग गोव्याचा गोलरक्षक कट्टीमणीच्या हातून स्वयंगोल आणि भरपाईच्या वेळेत मेंडोसाचा तिसरा. चेन्नई ३-२. त्यानंतर मैदानात जे झालं, चेन्नईच्या एलानोला पोलिसांनी ताब्यात घेण्यापर्यंत जी मजल गेली, त्यात खेळ उरलाच नाही. गोव्याला ११ कोटींचा दंड आणि १५ गुणांची कपात झाली. गुणांची कपात पुढे अपिलात गेली, दंडही उतरला. कट्टीमणीसाठी मात्र मला आजही वाईट वाटतं. त्या रात्री एवढा गोंधळ उडाला, पण त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणाला सवड होती असं टीव्हीवर तरी दिसलं नाही.

आणि मग हाबास आमच्याकडे आला. २०१६ चा मोसम त्यानं आधीच्या मोसमातली चार सामन्यांची बंदी खिशात घेऊनच सुरू केला. पहिलाच सामना मुंबईशी, घरच्या मैदानावर, आणि आमचा कोच बाजूरेषेवर नाही. हरलो ०-१. परत जाताना हायवेला लागेपर्यंत आम्ही कुणाला बोललो असू? रेफरीला. कोचला चकार शब्द नाही. उलट, "माणूस तापट आहे, पण आपल्यासाठी भांडतो," असं मीच म्हणाल्याचं मला चांगलं आठवतंय. इथंच आमचं चुकायला लागलं.

एक गोष्ट आता कबूल करतो. बालेवाडीत गॅलरी आणि मैदान यांच्यात धावण्याचा ट्रॅक आहे. आम्ही बसायचो तिथून ऑफसाइड दिसणं शक्यच नव्हतं. पलीकडच्या कोपऱ्यात हाताला चेंडू लागला की छातीला, हे ओळखायला घारीचे डोळे हवेत. आम्ही बघायचो कोचकडे. त्यानं हात वर केले की आम्ही उठायचो. त्यानं डोकं धरलं की आमची खात्री पटायची की फसवलं गेलं.

अंधेरीचं मैदान तसं नाही, तिथं गॅलरी अगदी जवळ. एकदा आमचा सामना नसतानाही कामासाठी मुंबईत होतो म्हणून गेलो आणि पाहुण्या संघाच्या डगआउटच्या मागे जागा मिळाली. कुठला संघ, कुठला कोच, ते राहू दे. दोन डगआउटच्या मधोमध चौथा पंच उभा होता. खेळाडू बदलाचा बोर्ड पायाशी, कानात इअरपीस, पॅन्टची इस्त्री तशीच. हा माणूस फाउल देत नाही, ऑफसाइड देत नाही, कार्ड दाखवत नाही. मैदानावरच्या चौघांत सगळ्यात कमी अधिकार त्याचे, आणि कोचच्या सगळ्यात जवळ तोच. एक पेनल्टी नाकारली गेली आणि कोचसाहेब त्याच्यावर धावून गेले. त्यांच्या मातृभाषेत, हाताची बोटं एकवटून, थुंकी उडेपर्यंत. बाजूला पंचविशीतला दुभाषा. अर्ध्या मिनिटाच्या त्या भडिमाराचं त्यानं भाषांतर केलं : "सर म्हणतायत, जरा नीट बघा." चौथ्या पंचानं मान हलवली, कानातल्या इअरपीसला बोट लावलं आणि परत पुढे बघायला लागला. मग कोचनं पाण्याच्या बाटलीला लाथ मारली. ती गडगडत चौथ्या पंचाच्या बुटाशी आली. तो वाकला, बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि रेघेपलीकडे उभी करून ठेवली.

गॅलरी खदखदून हसली. "ए बोर्डमास्तर" असं कुणीतरी ओरडलं, आणि मग पुढची दहा मिनिटं आम्ही सगळे तेच ओरडत होतो. मीही. ना माझा संघ, ना माझी पेनल्टी.

२०१७-१८ हा आमचा सुगीचा हंगाम. मार्सेलिनो, अल्फारो आणि बाजूरेषेवर रान्को पोपोविच. त्याचंही रेफरींशी वाजलंच. उपांत्य फेरीत बालेवाडीत बंगळुरूला ०-० रोखलं आणि ११ मार्च २०१८ ला कंठीरव्यावर ३-१ हरलो. सुनील छेत्रीचे तिन्ही, त्यातला एक पेनल्टीवर. त्या पेनल्टीवर आम्ही महिनाभर दळण दळलं. परवा ती चित्रफीत पुन्हा पाहिली. पेनल्टी होती, आणि नसती तरी उरलेले दोन होतेच. पण पुणे सिटी उपांत्य फेरीत हरला तो रेफरीमुळे, अशी ग्रुपवर सात वर्षं जपलेली श्रद्धा आहे, ती मोडायचं धाडस मला अजून झालेलं नाही. त्या महिनाभरात क्लबचे हिशेब कसे आहेत, हे कुणी विचारलं होतं का? वर्षभरानं क्लबच राहिला नाही. तेव्हा मात्र डोकं धरून आकाशाकडे बघायला बाजूरेषेवर कुणी नव्हतं, म्हणून असेल, आम्हीही उठलो नाही.

२०१९ च्या जूनपासून जगभर नियम बदलला. डगआउटमधल्या माणसांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवायला सुरुवात झाली. त्यातलं एक कलम मला फार आवडतं : बाकावरच्या घोळक्यातून कुणी आगाऊपणा केला आणि नेमका कोण ते कळलं नाही, तर कार्ड तिथं हजर असलेल्या सगळ्यात वरिष्ठ कोचला. ज्यानं कायदा लिहिला तो नक्की कुठल्या तरी शाळेत वर्गशिक्षक असणार.

२०२०-२१ चा मोसम कोरोनामुळे सगळा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. आमचा संघ नव्हता, तरी टीव्ही लावून बसायचो. गॅलरी गप्प असल्यामुळे कोचचा प्रत्येक शब्द ऐकू यायचा, आणि तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ही माणसं नव्वदातली किती मिनिटं खेळाबद्दल बोलतात आणि किती मिनिटं शिट्टीबद्दल. त्या मोसमात ईस्ट बंगालच्या रॉबी फाउलरला रेफरींवरच्या शेऱ्यांबद्दल चार सामन्यांची बंदी झाली. लिव्हरपूलचा फाउलर! आणि ओडिशाच्या स्टुअर्ट बॅक्स्टरनं हरल्यावर पेनल्टीबद्दल बोलताना थेट बलात्काराचा दाखला दिला. दुसऱ्या दिवशी क्लबनं त्याला काढलं, ते योग्यच केलं. शाहू स्टेडियमवरचा सगळ्यात तोंडाळ माणूससुद्धा माइकसमोर ते बोलला नसता.

मग ३ मार्च २०२३. बंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, बाद फेरी, अतिरिक्त वेळेतलं ९६ वं मिनिट. ब्लास्टर्स भिंत लावतायत, गोलरक्षक जागेवर नाही, आणि छेत्रीनं फ्री किक अलगद आत टाकली. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचा कोच इव्हान वुकोमानोविचनं पोरांना बाहेर बोलावलं आणि अख्खा संघ मैदान सोडून गेला. चार कोटींचा दंड क्लबला, दहा सामन्यांची बंदी कोचला. क्रीडा लवादापर्यंत जाऊनही उपयोग झाला नाही. त्या संध्याकाळी मी पूर्णपणे वुकोमानोविचच्या बाजूनं होतो. कोची विमानतळावर त्याच्यासाठी जमलेली गर्दी बघून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आज विचाराल तर म्हणेन, त्याचा संताप खरा होता, पण उरलेली पंचवीस मिनिटं खेळायला हवी होती. ब्लास्टर्सना एक गोल जड नव्हता.

भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे, स्वतः जुने गोलरक्षक, त्याच महिन्यात स्वस्तातलं व्हीएआर, म्हणजे रेफरीला रिप्ले बघून निर्णय तपासता येईल अशी व्यवस्था, आणू असं म्हणाले. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये ऑफसाइड यंत्र मोजायला लागून चार महिने झाले होते. २०२५ उजाडलं तरी आयएसएलच्या रेफरीकडे स्वतःचे दोन डोळे आणि शिट्टी, एवढंच सामान होतं. कित्येक जण नोकरी सांभाळून सामने करायचे. घरी बसलेल्या प्रेक्षकाला सहा कोनांतून रिप्ले, आणि निर्णय देणाऱ्याला एकही नाही! २० डिसेंबर २०२३ ला अंधेरीत मुंबई आणि मोहन बागान सामन्यात सात लाल कार्डं निघाली, त्यातली तीन शेवटच्या शिट्टीनंतर. दोन्ही डगआउट, दोन्ही गॅलऱ्या, टीव्हीवरचे तज्ज्ञ, सगळे मिळून राहुल कुमार गुप्ता या एका रेफरीवर तुटून पडले. सात जणांनी काही केलंच नव्हतं जणू.

रेफरी चुकत होते, ह्यात वाद नाही. पुष्कळ चुकले. पण आम्ही दहा वर्षं त्या एका चौकोनाकडे बघत बसलो, आणि तेवढ्यात मागच्या दारानं लीगच निघून चालली होती. जुलै २०२५ मध्ये मोसम लटकला, कारण महासंघ आणि आयोजक कंपनीचा करार ८ डिसेंबरला संपत होता. पुढच्या हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. खेळाडू महिनोन् महिने बेकार. ह्या सगळ्यासाठी कुठल्या गॅलरीतून कुणी काय ओरडायचं?

जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं की १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल, १४ संघ, एकूण ९१ सामने. ग्रुपवर मी ते डगआउटच्या कार्डाचं कलम टाकलं आणि विचारलं, "मोसम बुडवणारा नेमका कोण ते कळत नसेल, तर कार्ड कुणाला?"

"सगळ्यात वरिष्ठाला."

"वरिष्ठ कोण?"

बराच वेळ निळ्या टिकांशिवाय काही नाही. मग कोल्हापूरकराचा मेसेज आला : "चौथ्या पंचाला द्या. त्यो एकटाच हाय अजून हितं हुबा."