आभार आणि मानधन

आभार मानल्याने कामाचा हुरूप वाढतो, हे नुसते सुभाषित नाही. ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे कर्मचारी होते. त्यांतल्या काहींचे संचालिकेने प्रत्यक्ष येऊन आभार मानले. पुढच्या आठवड्यात त्यांनी केलेले फोन निम्म्याहून जास्त वाढले, इतरांचे जवळपास तेवढेच राहिले. पगार दोन्ही गटांचा बदलला नव्हता. संशोधकांच्या मते, आभारांमुळे माणसाला आपली कुणाला तरी किंमत आहे असे वाटते, आणि हुरूप वाढतो तो इथून. ही जाणीव स्वतःच्या कौशल्याबद्दलच्या खात्रीपेक्षा वेगळी आहे.

यावर आक्षेप ठरलेला: मग मालकाला आभार स्वस्तच पडले की! आक्षेप खरा आहे. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी देशभर थाळ्या वाजल्या, मे २०२२ मध्ये आशा सेविकांना जागतिक आरोग्य संघटनेने गौरवले. पण या दोन्हींच्या मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. सरकारी कागदोपत्री त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मानधन. (शब्दात मान आहे, एवढेच.) मात्र यातून आभार निरुपयोगी ठरत नाहीत. प्रयोगातल्या कर्मचाऱ्यांना पगार मिळतच होता. आभार त्यावर आले, त्याऐवजी नव्हे. मोबदला नाकारून केलेले कौतुक तुमची किंमत किती हेही सांगतेच, फक्त उलट्या बाजूने.