विंचवाची कळ आणि सोडियमचे द्वार

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास चालते, तेथे बांधाचा दगड हलविताना अथवा पेंढ्यांचा भारा उचलताना विंचवाने नांगी मारल्याची हकीकत गावोगाव ऐकावयास मिळते. आणि बोटाची कळ पाहता पाहता खांद्यापर्यंत कशी चढली हे दंश झालेला मनुष्य सांगू लागला, म्हणजे वेदनेचे शास्त्र हा केवळ प्रयोगशाळेचा विषय नव्हे, याची खात्री पटते.

मज्जातंतूच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म द्वारे असतात आणि नाणेघाटाच्या माथ्यावरील जुन्या जकातचौकीप्रमाणे प्रत्येक द्वार ठरावीक मालालाच परवाना देते. सोडियमचे द्वार उघडले, की त्याचे विद्युत्भारित कण आत शिरतात, संदेश पुढे सरकतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ते द्वार आपोआप मिटते. लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने या मिटण्यालाच मज्जाव करतात, आणि तंतू संदेशामागून संदेश धाडीत राहतो. हाच अंमल स्वायत्त मज्जासंस्थेवर बसला, म्हणजे रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. महाड परिसरात असे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना पाहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अनुभव जगापुढे मांडला; महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे हे कार्य आहे.

प्राझोसिनने जीव वाचतो. कळ मात्र राहतेच. तिच्यासाठी डॉक्टर दंशाच्या जागी ती बधिर करणारे लिग्नोकेन टोचतात, आणि तेही सोडियमचे द्वारच बंद करते. परंतु त्याला आपपरभाव नाही: हृदयाची व मेंदूची द्वारेही ते मिटवू शकते, म्हणून वेदनाशामक म्हणून ते साऱ्या देहात मोकळेपणी खेळविता येत नाही. या द्वारांचे नऊ प्रकार आहेत, आणि केवळ वेदनेचे द्वार कोणते, हा शोध तेथूनच महत्त्वाचा ठरला. २००६ साली उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत, वेदना मुळीच न जाणवणाऱ्यांचे १.७ क्रमांकाचे द्वार जन्मतःच निकामी असल्याचे आढळले. तेथील असाच एक मुलगा निखाऱ्यांवरून चाले, हातात सुरे खुपसून दाखवी, आणि चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास छपरावरून उडी मारून मेला. वेदना ही देहाची पहारेकरी आहे, हे त्या पोराच्या मृत्यूइतके स्पष्टपणे कोणता ग्रंथ सांगणार?

पुढे २०१३ साली अमेरिकेच्या वाळवंटातील, विंचू मारून खाणाऱ्या एका उंदराचे रहस्य उलगडले: त्याच्या १.८ क्रमांकाच्या द्वाराला विंचवाचे विष चिकटते आणि कळ उठविण्याऐवजी ती थांबविते. मनुष्यात हे द्वार प्रामुख्याने परिघीय वेदनातंतूंत असते. तेच द्वार बंद करणाऱ्या सुझेट्रिजिन या अफूवर्गाबाहेरील औषधाला अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मंजुरी मिळाली. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेत ते उपयोगी ठरले, तरी अफूवर्गीय संयुक्त गोळीहून सरस ठरले नाही. खास विंचूदंशासाठी म्हणून त्याला मंजुरी नाही. त्याहून मोठा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आज आपल्या हाती आहे ते वापरावे. विंचू चावल्यावर ओकारी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे यांपैकी काही दिसले, विशेषतः लहान मुलात, तर विष उतरविणाऱ्याकडे एक घटकाही न दवडता रुग्णाला जुन्नर, घोडेगाव वा मंचरच्या सरकारी रुग्णालयात तत्काळ न्यावे.