दिवेलागणीच्या आत

2019च्या ऑक्टोबरात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. दसरा झाला, दिवाळी आली, तरी गॅलरीतला आकाशकंदील भिजतच होता. आईला पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले होते, डावी बाजू गेली होती. कोथरूडच्या आमच्या घरात एका भिंतीला तिचा पलंग, समोरच्या भिंतीला माझं टेबल आणि त्यावर शालेय पुस्तकांच्या मुद्रितांचा गठ्ठा. रात्री दोनला तिची कूस बदलायची आणि उठलेच आहे म्हणून चार पानं तपासायची. त्या दोन महिन्यांत मी धड मुलगीही नव्हते आणि धड संपादकही नव्हते.

दिवाळीला धाकटी बहीण नाशिकहून आली. दोन दिवस माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात देत म्हणाली, "ताई, आज मी आहे. तू बाहेर पड. कुठेही जा, पण दिवेलागणीच्या आत परत ये, नाहीतर आई वाट बघत बसेल."

कुठे जायचं ते ठरवलंच नव्हतं. पौड रस्त्यावर थांब्याला उभी राहिले, पौडची बस आली, चढले. भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडला उतरले आणि जीपने मुळशी धरणाच्या अलीकडे मालेपर्यंत गेले. घरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. गेल्या सात वर्षांतल्या माझ्या साऱ्या सहली याच रस्त्यावरच्या आहेत आणि साऱ्या आश्विन-कार्तिकातल्या. सहल म्हणायलाही छोट्याच, सकाळी निघून संध्याकाळी घरी. त्यांचा मागोवा घ्यावा असं यंदा वाटलं, कारण या काही तासांनी मला सावरलं, हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

त्या पहिल्या दिवशी पाहण्यासारखं सुंदर काही नव्हतं. खाचरांत पिकलेलं भात आडवं झालं होतं. लोंब्या पाण्यात, काही ठिकाणी दाण्यांना मोड आलेले. राज्यभर त्या वर्षी ओल्या दुष्काळाची चर्चा होती. वर्तमानपत्रात वाचलेला तो शब्द इथे डोळ्यांसमोर कुजत होता. एक म्हातारी गुडघाभर चिखलात उभी राहून विळ्याने मूठमूठ भात कापत होती आणि प्रत्येक मूठ झटकून बांधावर उन्हाच्या बाजूला पसरत होती. ऊन असं नव्हतंच, ढगांतून जेवढं उतरेल तेवढंच. "आजी, यातलं किती हाती लागेल?" मी विचारलं. ती म्हणाली, "लागंल तेवढं लागंल. पर उचलाय तर पायजे." आणि पुन्हा वाकली.

मी बांधावर तासभर बसले. कुणी उपदेश केला नाही, मीही मनाशी काही ठरवलं नाही. पण त्या रात्री दोनला उठून आईची कूस बदलली तेव्हा हात घाईत नव्हते. सोमवारी मुद्रितं हातात घेतली तर शनिवारी माझ्या नजरेतून निसटलेल्या अकरा चुका सापडल्या.

तेव्हापासून नेम झाला. नवरात्रापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत जमतील तेवढे दिवस, कधी तीन, कधी पाच. बहिणीने घातलेली अटही तशीच राहिली. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्यात सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, नोव्हेंबरअखेर सहालाही थांबत नाही. म्हणजे परतीची बस चारच्या सुमाराला पकडायलाच हवी. ही मर्यादा मला जाचली नाही. मुक्कामाची सहल घर विसरायला लावते आणि मला घर विसरायचं नव्हतं, त्याच घरात उभं राहायचं बळ हवं होतं.

पावसाळ्यातली मुळशी मी कधीच सोडून दिली आहे. आषाढ-श्रावणात ताम्हिणीचा रस्ता धबधबे बघणाऱ्यांच्या गाड्यांनी भरून जातो. धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही आणि दिसतं ते पाण्याच्या आवाजात नि गाड्यांच्या गाण्यांत बुडून जातं. शरदात हाच मुलूख उघडा होतो. हवा धुतल्यासारखी असते, समोरच्या डोंगराची घडी न घडी मोजता येते. ज्या ऋतूवरून माणसाचं आयुष्य मोजावं, 'शंभर शरद जग' असा आशीर्वाद द्यावा, तो ऋतू आपण शहरात 'ऑक्टोबर हीट' म्हणून पंखा वाढवून काढतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयुर्वेद शरदाला पित्त खवळण्याचा काळ मानतो, ते दुपारी एकच्या उन्हात माळावर उभं राहिलं की पटतंच. पण सकाळी आठला त्याच माळावर दवाने चपला भिजतात.

2020चा शरद वेगळा होता. सात महिने आम्ही दोघी घरात कोंडलेल्या. मदतीला येणाऱ्या मावशीही बरेच महिने येऊ शकल्या नव्हत्या. ऑक्टोबरात सगळं हळूहळू उघडू लागलं, बहीण येऊन राहिली आणि नवरात्रातल्या एका सकाळी मी भाच्याच्या गाडीतून ताम्हिणीपर्यंत गेले. विंझाई देवीचं देऊळ बंद होतं. राज्यातली देवळं त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडली. बंद दाराला बाहेरूनच हात जोडले आणि मागच्या झाडीत गेले. देवीचं म्हणून राखलेलं रान. मुळशीच्या खोऱ्यांत अशा देवराया ठिकठिकाणी आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शिकल्यासवरल्या लोकांना कळलं की गावाने 'देवी कोपेल' एवढ्या एका वाक्यावर शतकानुशतकं जंगल सांभाळलंय.

तिथे ओढ्याच्या कडेला ओलसर जागेत कवला फुलला होता. बोटाच्या पेरापेक्षा लहान पिवळं फूल, वरच्या पाकळीवर दोन तांबूस ठिपके. भाचा म्हणाला, "मावशी, हे तर मिकी माऊस!" मुलं त्याला त्याच नावाने ओळखतात. मी गुडघ्यांवर बसून एकच फूल किती तरी वेळ पाहिलं. सात महिने फक्त आकडे ऐकले होते. रुग्ण किती, खाटा किती, गेले किती. इतक्या दिवसांनी समोर एक गोष्ट होती जिची मोजदाद करायची नव्हती. वर माळावर सोनकीचा पिवळा पट्टा होता, तेरडा उतरणीला लागलेला. हे सारं दर वर्षी माझ्या घरापासून दोन तासांवर होत होतं आणि मी पन्नाशीला आले तरी ते पाहिलं नव्हतं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' 1956 साली आलं. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं, परीक्षेत त्याच्यावर उत्तरही लिहिलं होतं. कळलं मात्र त्या ओढ्याच्या काठी.

2021 साली मुळशी सत्याग्रहाला शंभर वर्षं झाली. त्या शरदात मी धरणाच्या काठावर बसून राजेंद्र व्होरांचं त्या सत्याग्रहावरचं पुस्तक वाचलं आणि त्यानंतर ते पाणी माझ्यासाठी नुसतं निळं राहिलं नाही. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळेच्या खोऱ्यातली पन्नासवर गावं बुडणार होती. मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांच्या पुढे उभे राहिलेले पांडुरंग महादेव बापट इथूनच 'सेनापती' झाले. 1924च्या अखेरीस त्यांनी कामगारांची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. सत्याग्रह मोडला, 1927 साली धरण उभं राहिलं. आपल्याला वाटतं, मुळा पुण्याकडे वाहते म्हणजे हे पाणीही पुण्याचंच असणार. पण धरणात साठलेलं पाणी उलट पश्चिमेला जातं, डोंगराच्या पोटातून घाटाखाली भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून कोकणात निघून जातं. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. भर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या वस्त्यांचे दगड आजही वर येतात.

तुम्ही म्हणाल, मन शांत करायला जाणाऱ्या बाईने हे कशाला वाचावं? मला वाटतं, वाचावंच. ज्या काठावर बसून आपल्याला बरं वाटतं, त्या काठाने कुणाचं काय घेतलं हे ठाऊक असलं की बसण्यात एक अदब येते. आपलं दुःख मोठं नाही असं ते पाणी सांगत नाही, आणि तसं सांगून कुणाला बरं वाटतही नाही. आपलं दुःख एकटं नाही, एवढं मात्र तिथे समजतं.

2022 साली फारसं जमलं नाही. 2 ऑक्टोबरच्या मध्यरात्री माझ्या वाटेवरच्या चांदणी चौकातला जुना पूल पाडला, पुढे कित्येक महिने तिथून बाहेर पडणं हीच एक सहल होती. आईची तब्येतही त्या वर्षी पुन्हा बिघडली. दोनच फेऱ्या झाल्या, त्यातल्या एकीत पौडच्या पुढे जाताच आलं नाही. पौडच्या स्टँडवर मिसळ खाल्ली, थोडी चालले, परतले. तीही मी मोजते.

2023च्या ऑगस्टात चौकातले नवे पूल सुरू झाले आणि दिवाळीनंतरच्या रविवारी आईच म्हणाली, "मलाही ने." चार वर्षांच्या व्यायामाने ती काठी घेऊन घरात चालू लागली होती. भाच्याने गाडी काढली. निवे गावाच्या अलीकडे रस्त्यालगत एका खळ्यावर झोडणी चालली होती, तिथे आम्ही थांबलो. दोघे-तिघे पुरुष भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन आडव्या टाकलेल्या पिंपावर आपटत होते. एकदा, दोनदा, मग पेंढी फिरवून पुन्हा दोनदा. दाणे पावसासारखे ताडपत्रीवर पडायचे आणि मोकळा पेंढा बाजूला भिरकावला जायचा. एक बाई सुपाने वारा बघून उफणत होती, पोल धुरळ्यासारखं उडून जात होतं. तिने आईला पाहिलं, सूप खाली ठेवलं, आतून खुर्ची आणली. "बसा आजी, ऊन लागंल." आई बसली. मग खाली वाकून तिने डाव्या हाताने, त्या चार वर्षं नीट न उघडलेल्या मुठीत, दाणे घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा दोन-चारच आले. दुसऱ्यांदा थोडे जास्त. मी पुढे झाले तशी बाईने मला डोळ्यांनी थांबवलं. आईने ती अर्धी मूठ नाकाशी नेली.

"आंबेमोहोर आहे का ग?"

"न्हाई आजी, इंद्रायणी. आंबेमोहोर आता कोन करतंय? उतारा कमी, आन् वाऱ्याने लोळतंय. घरच्यापुरता हाय थोडा."

आई सांगू लागली. तिच्या लहानपणी आंबेमोहोर शिजला की चार घरांपलीकडे कळायचं, आजारी माणसाला त्याचीच पेज असायची. बाईने ऐकलं आणि निघताना किलोभर आंबेमोहोर कागदाच्या पुडीत बांधून दिला. पैसे घेईना. मी इंद्रायणीचे दहा किलो रोख भाव देऊन घेतले, तेव्हा हिशेब थोडा तरी बरोबरीचा झाला. त्या रात्री घरी पेज झाली. आईने ती डाव्या हाताने खाल्ली असं मी सांगणार नाही, चमचा उजव्याच हातात होता. पण वाटीला डाव्या हाताचा आधार होता.

आई पुढच्या मे महिन्यात गेली.

2024च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, आदरवाडीकडे दरड आली. मोसमभर पाण्यात बुडालेल्यांच्या बातम्या आणि बंदीचे आदेश येत राहिले. दसऱ्यानंतर मी एकटीच बसने गेले. आता घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. मालेच्या पुढे पाण्याकाठी बसले, चार वाजले, साडेचार झाले. थांबायला हरकत नव्हती. पण पाय आपोआप रस्त्याकडे वळले आणि घरी पोहोचून मी दिवा लावला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. इतकी वर्षं ज्या अटीला मी आईसाठीची अट समजत होते ती केव्हाच माझी झाली होती.

2025 साली पाऊस मे महिन्यातच आला आणि ऑक्टोबर संपेपर्यंत रेंगाळला. पुन्हा आडवं झालेलं भात, पुन्हा चिखलातून उचललेल्या लोंब्या. 2019ची म्हातारी भेटली नाही, तिचं खाचर मात्र ओळखू आलं. तिथे एक तरुण मुलगा मूठमूठ कापून बांधावर पसरत होता. मला बघून म्हणाला, "ताई, फोटो नंतर काढा, जरा हा भारा धरू लागा." मी फोटो काढत नव्हते, पण भारा धरला. दुपारपर्यंत सहा भारे झाले.

या शरदात तुम्ही मुळशीकडे गेलात तर एक विनंती आहे. खाचराच्या बांधावरून फोटोसाठी चालू नका, पावसात खचलेला बांध पुन्हा घालायला घरातल्या दोन माणसांचे दोन दिवस जातात. आणि खळ्यावर झोडणी चालली असेल तर थांबा, भाव विचारा आणि घासाघीस न करता तांदूळ तिथूनच घ्या.