फ्रीजर व भोवतालची उष्णता

फ्रीजर थंडी उत्पन्न करतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शास्त्रदृष्ट्या तो बरोबर नव्हे. पूर्वीं मोट जशी विहिरींतील पाणी वर ओढी, तसा फ्रीजर पेटींतील उष्णता उपसून मागील नळ्यांवाटे खोलींत टाकतो. म्हणूनच त्याचें दार उघडें ठेवून खोली गार करूं पाहणाराची निराशा होते. यंत्रास लागलेल्या विजेचीहि भर पडून खोली उलट अधिकच तापते.

विहीर जितकी खोल, तितके बैलांचे श्रम अधिक. येथें विहिरीची खोली म्हणजे पेटी व खोली यांच्या उष्णतामानांतील अंतर होय. पेटींत उणें 18 अंश सेल्सिअस व खोलींत 25 अंश असल्यास हें अंतर 43 अंश होतें. परंतु नांदेडास मे महिन्यांत पारा 42 अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या घरांत 43 अंश उष्णता असली, तर अंतर 61 अंश होतें. याचा परिणाम दुहेरी आहे. पेटीच्या भिंतींतून आंत झिरपणारी उष्णता सुमारें 1.4 पट होते, आणि तेवढ्याच उष्णतेचा उपसा करण्यास लागणारें कामहि सुमारें 1.4 पट होतें. दोहोंचा गुणाकार केला, म्हणजे सर्वथा निर्दोष अशा काल्पनिक यंत्रासहि दुप्पट वीज लागते. प्रत्यक्ष यंत्राचें गणित थोडें निराळें असलें, तरी उन्हाळ्यांतील वाढत्या वीजबिलाचें एक मर्म हेंच आहे.

यंत्राच्या शक्तीसहि मर्यादा असते. त्यावरील पाटीवर 'एन' हें अक्षर असल्यास तें 16 ते 32 अंशांच्या खोलीकरितां, 'एसटी' असल्यास 38 पर्यंत, व 'टी' असल्यास 43 अंशांपर्यंत योग्य समजावें. नांदेड-लातूरकडील गृहस्थांनीं 'टी' पाहूनच खरेदी करावी, असें आम्हांस वाटतें. उलटपक्षीं, हिवाळ्यांत खोली फार गार झाली, तर दोन कप्प्यांस मिळून एकच थर्मोस्टॅट असलेल्या फ्रीजचा काँप्रेसर क्वचितच चालतो, आणि बर्फाच्या कप्प्यांतील जिन्नस मऊ पडूं लागतात.

हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. आरोग्यकेंद्रांत बालकांच्या लसी 2 ते 8 अंशांत राखाव्या लागतात, व त्या गांवोगांव नेण्यास लागणारे बर्फाचे पॅक डीप फ्रीजरमध्यें गोठवितात. वीज गेली असतां तापलेल्या खोलींत पेटीची थंडी लवकर ओसरते. आणि उष्णतेनें निकामी झालेल्या लशीचें सामर्थ्य ती पुन्हां थंड केल्यानें परत येत नाहीं.

तरी पालकांनीं फ्रीजर ऊन व चूल यांपासून दूर ठेवावा, भिंतीपासून निदान चार-पांच बोटें जागा सोडावी, नळ्यांवरील धूळ झाडावी, अन्न निवल्यावरच आंत ठेवावें, व वीज गेल्यास दार उघडूं नये. विद्यार्थ्यांस आम्ही एक प्रयोग सुचवितों: पहाटे व भर दुपारीं एकेक तास काँप्रेसर किती मिनिटें चालतो तें मोजावें, आणि शेजारीं खोलीचें उष्णतामान लिहावें. आठ दिवसांत ती वही या लेखाहून अधिक शिकवील.